तीन आणि सात वर्षांच्या लेकरांना घेऊन रानात, गडावर: कधी, कुठं, किती

दिग्रस तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा तीनचा. राहतात खेड्यातच, पण लेकरं दिवसभर घरात मोबाइलला चिकटलेली. दिवाळीनंतर दोघांना चिखलदऱ्याला न्यावं, एखाद्या गडावर चढवावं असं नवरा-बायकोच्या मनात आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या लहान लेकरांना रानात कशाला नेता, ऊन लागेल, काही चावेल. कितव्या वर्षी न्यावं, किती चालवावं, सोबत काय घ्यावं आणि कुठं जावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी सरळ उत्तर देते. तिसऱ्या वर्षी नेता येतं, दोघांना एकत्र नेता येतं आणि सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. मी मेळघाटाच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं लहान मुलांना, त्यांच्या आईबापांना घेऊन फिरते. ट्रेकिंगचे सल्ले बहुतेक पुण्या-मुंबईकडून येतात: पावसात भिजलेला सह्याद्री, धबधबा, ढगात बुडालेला किल्ला. आपल्याकडं चढ कमी, ऊन जास्त, पाणी दूर, आणि रानात वाघ आहे. म्हणून लेकरू किती किलोमीटर चालेल हा प्रश्न मी दुसरा ठेवते. पहिला प्रश्न, किती वाजता निघायचं आणि किती वाजेपर्यंत सावलीत परत यायचं. ते ठरलं की अंतर आपोआप ठरतं.

तरी अंदाज हवा म्हणून सांगते. सात वर्षांची मुलगी सपाट वाटेवर, मधेमधे थांबत, चार-पाच किलोमीटर मजेत चालते. तीन वर्षांचा मुलगा एक-दीड किलोमीटर चालतो आणि मग वाटेत बसकण मारतो. तो दमलेला असतोच असं नाही, बऱ्याचदा कंटाळलेला असतो. बेत नेहमी धाकट्याच्या पायांवर आखायचा. मोठीला कमी पडेल ही काळजी करू नका, ती त्याच वाटेवर इकडून तिकडं पळत दुप्पट अंतर कापते.

धाकट्याला उचलावं लागणार हे धरूनच निघा. या वयाचं लेकरू तेरा-चौदा किलोचं असतं आणि अर्ध्या तासात बापाचे खांदे भरून येतात. खांद्यावर बसवायची हौस सपाट रस्त्यापुरती ठेवा. रानवाटेवर बाभळीची फांदी नेमकी त्याच्या डोळ्याच्या उंचीला येते, आणि उताराला तोल गेला तर दोघंही पडतात. जुन्या नऊवारीची किंवा मोठ्या दुपट्ट्याची झोळी करून पाठीशी बांधायची आपल्या आज्यांची रीत अजूनही सगळ्यात चांगली. गाठ कशी बांधायची ते सासूबाईंकडूनच शिकून घ्या, तेवढ्यानं त्यांचा निम्मा विरोध मावळेल. झोळीतल्या लेकराचं तोंड उघडं आणि हनुवटी छातीला न टेकलेली असावी, एवढं बघायचं.

आता उन्हाचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं लेकरांना सगळ्यात जास्त त्रास साप-विंचवापेक्षा उन्हाचा होतो. होळी झाली की मृग लागेपर्यंत चालण्याचे बेत बंद. त्या दिवसांत फिरायचं झालंच तर सकाळी साडेआठच्या आत घरी, तेही गावाजवळ. पहिल्या पावसानंतर रान सुंदर होतं, लाल मखमली मृगाचा किडा दिसला की लेकरं वेडी होतात, पण आपली काळी माती ओली झाली की बुटाला थरावर थर चिकटतो. शंभर पावलांत तीन वर्षांच्या लेकराच्या पायाला त्याच्या बुटापेक्षा जड गोळा लागतो, ते रडायला लागतं आणि आईबापांना वाटतं नाटक करतंय. पावसाळ्यात मुरमाड टेकडी किंवा डांबरी रस्ता धरा. विजा कडाडायला लागल्या तर एकट्या उभ्या झाडाखाली थांबू नका. दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यात येतो, ते मोबाइलवर ठेवा. ऑक्टोबरचा महिना फसवा असतो, हिरवळ दिसते पण ऊन भाजतं. खरा हंगाम दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत. तुम्ही दिवाळीनंतरचं विचारलंत ते बरोबरच आहे.

हिवाळ्यातलं दुपारचं ऊनही लहान अंगाला लागतं. लेकराच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त, त्यामुळं बाहेरची उष्णता ते पटकन ओढून घेतं, आणि घाम मोठ्या माणसापेक्षा कमी येतो. शिवाय खेळाच्या नादात तहान लागली हे त्याला कळत नाही. म्हणून 'पाणी पाहिजे का' असं विचारायचंच नाही. दर वीस मिनिटांनी थांबायचं आणि चार-पाच घोट पाजायचे. दोन तासांच्या फेरीला मोठीसाठी एक लिटर आणि धाकट्यासाठी पाऊण लिटर वेगळं धरा, तुमचं दोघांचं त्याशिवाय. गडावरच्या टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पाजू नका.

लक्षणं ओळखायला शिका. बडबडं लेकरू गप्प झालं, गाल लाल झाले, उगाच चिडचिड, डोकं दुखतं म्हणतंय, चार-पाच तासांत लघवी नाही किंवा झाली ती गडद पिवळी, की तिथंच थांबायचं. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, ओला दुपट्टा मानेवर, काखेत, मांड्यांवर फिरवा, वारा घाला, घोटघोट पाणी द्या. अर्ध्या तासात हसायला-बोलायला लागलं तर घरी परत. उलट्या होत असतील, गुंगी येत असेल, असंबद्ध बोलत असेल तर अंग ओलं करत सरळ दवाखाना, १०८ ला फोन. घरचं जलसंजीवनी पाणी करता यायला हवं: एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर उलट अपाय होतो. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा सासूबाईंना ठेवायचा असेल तर ठेवू द्या, त्यानं काही बिघडत नाही, फक्त तो आहे म्हणून पाण्याची बाटली घरी राहायला नको.

मग पहाटेच निघावं का? इथंच आपल्याकडची खरी अडचण आहे. ऊन म्हणतं लवकर निघा, जनावर म्हणतं उशिरा निघा. तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथून निघालेला, माग काढायला रेडिओ गळपट्टा लावलेला एक वाघ २०१९ मध्ये शेतं, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १,३०० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. म्हणजे वाघ फक्त नकाशावरच्या हिरव्या ठिपक्यातच राहतो असं नाही. वाघ, बिबट, अस्वल यांची हालचाल पहाटे आणि सांजेला जास्त असते, आणि लहान उंचीचं, खाली वाकलेलं लेकरू जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून रानाच्या कडेला जायचं तर दिवस चांगला वर आल्यावर, साडेसात-आठला निघा आणि अकराच्या आत परत या. हिवाळ्यात हा वेळ उन्हालाही चालतो. उन्हाळ्यात चालत नाही, म्हणूनच उन्हाळ्यात रान नाही. मोह पडतो, टेंभरं पिकतात, तेंदूपत्ता तोडणी चालते ते मार्च ते मे हे दिवस अस्वलाचे आणि वाघाच्या हल्ल्यांचेही असतात, लेकरं घेऊन तिकडं फिरकूही नका.

ताडोबा, नागझिरा, बोर, टिपेश्वर इथल्या गाभ्यात पायी फिरायला परवानगी नसते, जिप्सीतूनच जायचं. चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरीकडच्या जंगलालगतच्या गावांत तर वनखात्याचा माणूस किंवा गावचा जाणता सोबत असल्याशिवाय लेकरांना पायी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वाटेवर एक मोठा पुढं, एक मागं, लेकरं मधे. बोलत, गाणी म्हणत चाला. शी-शूला लेकरू एकटं झुडपामागं बसवायचं नाही, तुम्ही उभ्या राहा. लाज वाटते म्हणाली तरी मोठीलासुद्धा.

आता कुठं जायचं. चिखलदऱ्याच्या आधी आपली पांदण, म्हणजे वावरांकडं जाणारी गाडीवाट. हसू नका. खेड्यातली लेकरं शिवारात असतात असं आपण धरून चालतो, पण शाळेची बस, घर आणि मोबाइल यांत माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी स्वतःच्या बापाचं वावर नीट पाहिलेलं नसतं. पहिले तीन-चार रविवार पांदणीनं वावरापर्यंत आणि परत. धुळीत ठसे बघायचे: मोराची तीन बोटं, रोहीचा (नीलगायीचा) दुभंगलेला खूर, रानडुकरानं उकरलेली माती. नोव्हेंबरात कापूस फुटलेला असतो, तूर फुलावर असते, बांधावर बोरं धरतात. धाकट्याला किती चालवतं, मोठीला बूट चावतो का, कोण कधी रडतं, हे सगळं घरापासून हाकेच्या अंतरावर कळतं.

शिवारातले धोके मात्र रानापेक्षा वेगळे आहेत, आणि लहान मुलांना घेऊन फिरायच्या सल्ल्यांत ते कुणी लिहीत नाही. एक म्हणजे फवारणी. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या वावरात पंप चालू असेल तर त्या दिवशी दुसरी वाट धरा, आणि तुरीच्या शेंगा, काकडी, जे काही लेकरू तोडून तोंडात घालेल, ते फवारलेलं नाही याची खात्री वावरवाल्याकडून करून घ्या. दुसरं म्हणजे तार. रोही-डुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन असतं, आणि काही जण बेकायदा सरळ लाइनचा करंट सोडतात. कुंपणाच्या कुठल्याही तारेला हात लावायचा नाही, ओणवं होऊन खालूनही जायचं नाही, हा नियम दोघांना पाठ हवा. तिसरं, बिनकठड्याच्या विहिरी. गवत वाढलं की काठ दिसत नाही. विहीर कुठं आहे ते आधी स्वतः बघून ठेवा आणि तिथून जाताना धाकट्याचा हात नाही, मनगट धरा.

पांदण जमली की अरुणावती धरणाचा काठ. हिवाळ्यात जलाशयावर चक्रवाक, पट्टकादंब, तऱ्हेतऱ्हेची बदकं उतरतात, आणि पक्षी बघायला चालावं कमी, बसावं जास्त लागतं, ते तीन वर्षांच्या लेकराला मानवतं. पाणी ओसरलेल्या काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय ठेवला की गुडघाभर आत जातो, तेव्हा पाण्यापासून दहा-पंधरा पावलं लांबच राहा. पूर्व विदर्भात नातेवाईक असतील तर भंडारा-गोंदियाचे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, या कामाला फार छान. सारस क्रौंच महाराष्ट्रात आता जवळपास तिकडंच उरलाय. नवेगावबांधचा तलाव, नागभीडजवळचं घोडाझरी, हेही लहान लेकरांना सोसतं. मात्र घोडाझरीच्या बाजूला वाघ आहे, तेव्हा वर सांगितलेली वेळ पाळा.

नंतर पायऱ्यांची सवय. रामटेकचा गड त्यासाठी चांगला: पायऱ्या, माणसांची वर्दळ, वर मंदिर, खाली तलाव. तिथली माकडं मात्र हातातला प्रसाद, केळी, पिशवी ओढतात. लेकराच्या हातात खायचं देऊ नका, पिशवीची चेन लावून ठेवा, आणि माकड जवळ आलं तर त्याच्या डोळ्यांत न बघता सावकाश बाजूला व्हा. पळालं की ते मागं येतं. माकडानं ओरबाडलं किंवा चावलं तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

लोणार मला या वयासाठी फार आवडतं, पण त्यात एक मेख आहे. गडावर आधी चढ असतो आणि दमल्यावर उतार येतो. लोणारला उलटं. उल्केच्या आघातानं झालेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, जाताना लेकरं उड्या मारत तळाशी उतरतात, आणि चढ येतो तो परतताना, ऊन डोक्यावर आल्यावर, पाणी संपत आल्यावर. धाकटा असेल तर तळापर्यंत जाऊच नका. काठावरून बघा, गोमुखाची धार दाखवा, दैत्यसूदन मंदिर बघा. मोठीला घेऊन एका जणानं खाली जावं, आठला उतरून दहाला वर. सातव्या वर्षी तिला एवढं नक्की सांगता येतं की हे पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे, म्हणून यात मासे सहसा जगत नाहीत. २०२० च्या जूनमध्ये तेच पाणी गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. गुलाबी तळं म्हटलं की पुढचे अर्धा तास प्रश्न सुरू.

सहस्रकुंडचा धबधबा पावसाळ्यानंतर जरूर दाखवा, पण लांबून. पैनगंगेवर वर इसापूर धरण आहे, पाणी सोडलं की प्रवाह वाढायला वेळ लागत नाही, आणि तिथला कातळ शेवाळलेला असतो. लेकरांचे पाय पाण्यात नकोत, फोटोसाठी तर मुळीच नकोत.

आणि तुमचं चिखलदरा. अकराशे मीटरच्या आसपास उंची, विदर्भातलं एकमेव थंड हवेचं ठिकाण. परतवाड्याहून घाट लागला की निम्मी लेकरं ओकतात. निघताना पोट अगदी रिकामं नको आणि भरलेलंही नको, दूध तर नकोच. पुढची सीट, काच खाली, मोबाइल बंद, हातात संत्र्याचं साल हुंगायला. दोन-तीनदा गाडी थांबवून पाच मिनिटं उभं करा. मुक्कामाला डिसेंबर-जानेवारीत कडक थंडी असते, एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला म्हणजे चालताना काढता येतात. गाविलगड सकाळी आठला गाठा. बहामनी काळातला, १४२५ च्या सुमाराचा किल्ला, आणि १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं मराठ्यांकडून घेतलेला. दरवाजे, तोफा, तलाव बघण्यात दीड-दोन तास जातात, तेवढं पुरे. तटावर, बुरुजावर चढवू नका, दगड सुटलेले आहेत आणि गवतात कडा दिसत नाही. पॉइंटांवरही सगळीकडं कठडा नाही. धुकं असेल तर त्या दिवशी पॉइंट रद्द. नरनाळा गड शहानूरकडून गाडीनं जवळपर्यंत जाता येत असल्यामुळं लहान लेकरांना आणखी सोपा. तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे, वनखात्याच्या नाक्यावर नोंद करूनच वर जायचं.

गडांवर मी सापापेक्षा आग्या मोहोळाला जास्त भिते. तटाच्या कमानीखाली, कड्याला, मोठ्या झाडावर, धरणाच्या बांधकामाला मोठाली पोळी लटकलेली असतात. एखाद्या टोळक्यानं दगड मारला, धूर केला, की माशा समोर येईल त्याच्यावर तुटून पडतात, दगड कुणी मारला ते बघत नाहीत. पोचल्यावर आधी मान वर करून बघायची सवय लावा. पोळं दिसलं तर आवाज न करता लांबून जा. त्या दिवशी अत्तर, वासाचं तेल, गजरा नको. माशा उठल्याच तर लेकराला दुपट्ट्यात पूर्ण गुंडाळून, तोंड झाकून, जोरात पळत गाडीत किंवा बंद खोलीत जा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. रुतलेले काटे नखानं खरवडून लगेच काढा. दहा-बारा डंख असतील, ओठ-डोळे सुजले, धाप लागली तर दवाखाना, वाट बघायची नाही.

सापाचं थोडक्यात. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, आवाज आला की जागच्या जागी थांबायचं आणि हळूहळू मागं सरायचं, हे मुलांना खेळ म्हणून शिकवा. दगड उलटवायचे नाहीत, बिळात काडी-हात घालायचा नाही. चावलाच तर दोरी आवळू नका, कापू नका, तोंडानं ओढू नका, बाबा-मांत्रिकाकडं नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता, लेकराला उचलून, सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. निघण्याआधी सर्पदंशावरची लस जवळ कुठं आहे ते फोन करून विचारून ठेवा, त्याला पाच मिनिटं लागतात.

लेकरं हाताला लागेल ते तोंडात घालतात. चंद्रज्योत कुंपणाला सगळीकडं लावलेली असते, तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि शाळकरी मुलं खाऊन ओकत दवाखान्यात येतात, हे आपल्याकडं दरवर्षीचं. गुंजेच्या लाल-काळ्या बिया गोळा करायला सुंदर, चावल्या तर घातक. धोतऱ्याचं बोंड तसंच. बिब्याचा तेलकट रस कातडीला लागला की फोड येतात. हे चार-पाच स्वतः ओळखायला शिका, आणि बाकी नियम सोपा: आईला दाखवल्याशिवाय काही खायचं नाही.

पोशाखात खरा वैरी कुसळं. पावसाळा संपला की माळावरचं कुसळी गवत वाळतं आणि त्याची टोकदार कुसळं लोकरीच्या मोज्यांत, स्वेटरात घुसतात. ओलसर झाली की पिळासारखी फिरत कातडीपर्यंत पोचतात. लेकरू 'टोचतंय' म्हणून रडतं आणि आपल्याला काही दिसत नाही, कारण टोक आतून असतं. म्हणून गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला, मोजे पातळ सुती, पँटचा घोळ मोज्यात खोचलेला. शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात, महागडे ट्रेकिंग बूट या वयात फुकट खर्च, सहा महिन्यांत लहान होतात. स्लीपर नको, बाभळीचा काटा आरपार येतो. टोपी मागं मान झाकेल अशी. रंग भडक, म्हणजे गवतात लेकरू दिसतं. दोघांच्या गळ्यात शिट्टी: हरवलं तर जवळच्या झाडाला धरून उभं राहायचं आणि तीन-तीनदा वाजवायची, शोधायला कुठंही जायचं नाही.

शिदोरीला दशम्या, तिळाची चटणी, गुळाचा खडा, संत्री. थंडीत हुरडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. एकच सूचना, आणि ही गंभीर आहे: धाकट्याला सबंध शेंगदाणे, फुटाणे, बिया असलेली बोरं चालता-पळताना देऊ नका. चार-पाच वर्षांपर्यंत दाणा श्वासनळीत अडकायची भीती असते. कूट करून लाडू द्या, आणि खायचं ते बसूनच. अडकलंच आणि आवाज बंद झाला तर ओणवं करून दोन खांद्यांच्या मधे तळहाताचे पाच जोरदार फटके, तरी नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच झटके, असं आळीपाळीनं. हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या. पानग्यांचा, रोडग्यांचा बेत आपल्या वावरात करा, रानात चूल नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून तर वणव्याचाच काळ असतो.

मोबाइलचं विचारलंत. रानात नेऊन मोबाइल सुटत नाही, घरी आल्यावर परत मागतातच. पण चालताना तुमच्या दोघांच्या हातात तो नसला, तर लेकरं मागत नाहीत, एवढं मी बघत आलेय. फोटो एक काढा आणि पिशवीत ठेवा. 'अजून किती?' असं दर पाच मिनिटांनी येणारच. 'आता थोडंच' म्हणू नका, त्यांना खोटं कळतं. 'त्या पळसापर्यंत, मग संत्रं' असं काहीतरी दिसणारं सांगा. मोठीला पुढची वाट शोधायचं काम द्या, धाकट्याला रिकामी पिशवी द्या पानं-दगड गोळा करायला. बेत अर्धवट सोडावा लागला तर सोडा, गड कुठं पळत नाही. आणि सासूबाईंना सोबत घ्या. त्यांना जेवढ्या वनस्पती नावानिशी माहीत असतील तेवढ्या तुम्हाला-मला नाहीत, शिवाय धाकटा दमला की त्यांच्यासोबत सावलीत बसेल आणि तुम्ही मोठीला घेऊन पुढं जाल.

घरी आल्यावरचं काम चुकवू नका. दोघांचे कपडे दाराबाहेर काढून गरम पाण्यात, अंघोळ लगेच, आणि कानामागं, काखेत, जांघेत, केसांत, बेंबीत बोटानं चाचपून बघा. गोचीड असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल, काडी काही लावू नका. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले होते. उंच गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या पिलांमुळं तो होतो, आणि ताप लगेच येत नाही, साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो. तोवर सहल विसरलेली असते. म्हणून फिरून आल्यावर तीन आठवड्यांत कुणालाही ताप आला, अंगावर कुठं काळी खपली दिसली, तर तापाची गोळी देऊन दोन दिवस बघू म्हणू नका. वेळेत ओळखला तर साध्या प्रतिजैविकानं बरा होतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, लेकरू गवतात फिरलं होतं आणि कधी, हे तुम्ही सांगा.